पिवळ्या पडद्यांचा दर्यावर्दी

कोकणात १ जूनला मासेमारी बंद होते. ट्रॉलर आणि मचवे बंदरात परततात, लहान होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत खोल पाण्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. नेमक्या याच दिवसांत, त्याच खवळलेल्या अरबी समुद्रावर एक लहानसा काळसर पक्षी लाटांच्या घळींतून फिरत पोट भरत असतो. त्याचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. डोंगराएवढ्या लाटा, मुसळधार पाऊस आणि सोसाट्याचा वारा हे त्याच्यावर ओढवलेले संकट नव्हे, तो त्याचा रोजचा संसार आहे. तो जन्मलेला असतो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर किंवा त्या खंडाभोवतीच्या एखाद्या थंड बेटावर. अंटार्क्टिकाचा किनारा रत्नागिरीपासून सरळ रेषेत मोजला तरी नऊ हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे.

या पक्ष्याचे नाव विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. शास्त्रीय नाव ओशनाइट्स ओशनिकस. या प्रकरणात आपण त्याला विल्सनचे वादळी पाखरू म्हणू.

पक्षी ओळखण्याच्या कोणत्याही पुस्तकात त्याचे वर्णन चार ओळींत आटोपलेले असते: काळपट तपकिरी रंग, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, शेपटी टोकाला सरळ कापलेली, पाय लांब, बोटांमधले पडदे पिवळे. या चार ओळी पाठ करून जो पहिल्यांदा समुद्रावर जातो, त्याला फारसे काही गवसत नाही. बोट हलत असते, पक्षी लाटेआड जातो, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते आणि तीन-चार सेकंदांत सगळे संपते. एवढ्या वेळात पाचही खुणा तपासणे कुणालाच शक्य नसते. खूण पटकन दिसते ती तिचे काम ठाऊक असलेल्याला. हे पाय लांब का, पंख आखूड आणि गोलसर का, नाकावर ती नळी कशाला, ही उत्तरे माहीत असली की पक्षी डोळ्यांसमोर काय करतो आहे हे कळते, आणि तो जे करतो त्यावरूनच तो ओळखू येतो. म्हणून या प्रकरणात आपण त्याची ओळख आणि त्याचे जगणे वेगवेगळे न मांडता एकत्रच पाहू.

विल्सन, कूल आणि बोनापार्ट

अलेक्झांडर विल्सन १७६६ मध्ये स्कॉटलंडमधील पेझली गावी जन्मला. व्यवसायाने विणकर, वृत्तीने कवी. १७९४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पुढे तिथल्या पक्ष्यांवर त्याने अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील समुद्रात त्याला हा पक्षी भेटला. त्याने त्याचे वर्णन आणि चित्र प्रसिद्ध केले, पण त्याला वाटले की युरोपात दिसणारे वादळी पाखरू ते हेच. लहान, काळे, शेपटीच्या बुडाशी पांढरे आणि जहाजांच्या मागे येणारे, इतके साम्य त्या काळी पुरेसे वाटे.

१८२० मध्ये हाइनरिख कूल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने हा पक्षी वेगळा असल्याचे दाखवून त्याला शास्त्रीय नाव दिले. कूल पुढच्याच वर्षी जावा बेटावर वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला. त्यानंतर थोड्याच काळात नेपोलियनचा पुतण्या शार्ल ल्युसियाँ बोनापार्ट याने अशा पक्ष्यांची बारकाईने तुलना केली आणि या जातीला विल्सनचे नाव जोडले. शास्त्रीय नाव कूलचे राहिले, बोलीत मात्र विल्सन टिकला. विल्सनसारख्या कसलेल्या निरीक्षकाला जे पक्षी एकच वाटले, ते आज दोन वेगळ्या कुळांत मोडतात. युरोपातले पाखरू उत्तरेकडच्या स्टॉर्म पेट्रेलांच्या कुळातले, विल्सनचे दक्षिणेकडच्या. दोघांचे पूर्वज फार प्राचीन काळी वेगळे झाले. एकसारख्या समुद्रावर एकसारखे जगताना दोघांचा रंग आणि आकार सारखा होत गेला. रंगापेक्षा घडण आणि वागणूक आधी पाहावी, हा पहिला धडा इथेच मिळतो.

पाण्यात रोवलेले पाय

विल्सनचे वादळी पाखरू चोचीपासून शेपटीपर्यंत १६ ते १८ सेंटीमीटर भरते आणि पसरलेल्या पंखांची लांबी साधारण ४० सेंटीमीटर असते. या देहाच्या मानाने त्याचे पाय फारच लांब. उडताना पावले बहुतेक वेळा शेपटीच्या पलीकडे डोकावतात. दक्षिणेकडच्या कुळाची ही महत्त्वाची खूण आहे. जमिनीवर हेच पाय निरुपयोगी ठरतात. त्यांच्यावर सरळ उभे राहून चालणे त्याला नीट जमत नाही, तो घोट्यांवर रेटत सरकतो.

पाण्यावर मात्र त्या पायांचे मोल कळते. खाद्य सापडले की हे पाखरू पंख वर उचलून धरते, तोंड वाऱ्याकडे करते आणि पाय खाली सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर टपटप पावले टाकू लागते. ते पाण्यावर चालते आहे, नाचते आहे असे दिसते. खरे तर त्याचा भार पायांवर नसतोच. १९७९ मध्ये फिलिप विदर्स यांनी या तरंगण्याचे गणित मांडले. वारा पक्ष्याला मागे ढकलत असतो आणि पाण्यात बुडवलेली पडदेदार पावले त्या ढकलण्याला अडसर करतात. पतंगाला दोरीने धरून ठेवले की वारा त्याला उचलून धरतो. दोरी सुटली की तो वाहवत जातो. या पक्ष्याची दोरी म्हणजे त्याचे पाय. पावले पाण्यात अडकल्यामुळे पंखांवरून वारा वाहत राहतो, उचल मिळत राहते आणि पंख फडफडवण्याचे कष्ट वाचतात. पक्षी जवळपास एकाच जागी तरंगत राहून चोचीने पृष्ठभागावरचे बारीक जीव टिपतो.

यावरून पंखांचाही उलगडा होतो. अल्बट्रॉससारखे पक्षी लांब, अरुंद पंखांनी वारा कापत दूरवर तरंगत जातात. विल्सनच्या पाखराचे पंख आखूड, रुंदसर आणि टोकाला गोलावलेले असतात. पंखाची पुढची कड मनगटाशी फारशी मोडत नाही, जवळजवळ सरळ दिसते. पाण्यालगत हळू उडायचे, जागच्या जागी वळायचे, घटकाभर थबकायचे, यासाठी असेच पंख सोयीचे. त्यामुळे त्याचे उडणे पाकोळीची आठवण करून देते: भराभर पंख मारणे, मग थोडे तरंगणे, पुन्हा पंख मारणे. पाण्यापासून वीतभर उंचीवरून असे उडत जाणारा आणि मध्येच पंख वर धरून पाय पाण्यात सोडणारा लहान काळा पक्षी दिसला, तर ओळखीचे निम्मे काम झालेले असते.

बोटांमधले पिवळे पडदे ही त्याची सर्वांत ठसठशीत खूण म्हणून सांगितली जाते. ती खरी आहे, पण पाय पाण्याच्या वर लोंबत असताना, प्रकाश योग्य बाजूने आला आणि पक्षी बोटीजवळ असला, तरच ती दिसते. तिची वाट पाहत बसू नये. दिसली तर शंका मिटली असे समजावे.

पांढऱ्या पट्ट्याची गोष्ट

शेपटीच्या बुडाशी असलेला पांढरा पट्टा सर्वांत आधी नजरेत भरतो. तो पाठीपुरता थांबत नाही, दोन्ही बाजूंनी खाली वळून शेपटीखालच्या पिसांच्या कडांपर्यंत जातो. म्हणूनच पक्षी बाजूने दिसला तरी पांढरे दिसते, लाटेवर चढताना पोटाकडून दिसला तरी थोडे पांढरे डोकावते. पंखांच्या वरच्या बाजूला फिकट तपकिरी आडवा पट्टा असतो. पिसे झिजली की तो कमी-अधिक होतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. शेपटी टोकाला सरळ असते, कधी पसरली की किंचित गोल वाटते.

पिसांच्या अवस्थेवरून आणखी एक गोष्ट वाचता येते. प्रौढ पक्षी उत्तरेकडच्या मुक्कामात पंखांची पिसे बदलतात. पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्याच्या पंखात फट दिसली, एक पीस आखूड आणि शेजारचे लांब असे वाटले, तर तो प्रौढ असण्याची शक्यता मोठी. त्याच वर्षी जन्मलेल्याची पिसे नवी, नीट आणि एकसारखी असतात. अशी फट असली की पंखाचा आकार बदलल्यासारखा दिसतो आणि अनुभवी माणसालाही क्षणभर भलतीच जात वाटू शकते. म्हणून आकार पाहताना पिसे गळाली आहेत का, हेही पाहावे.

वासाच्या मागावर

या पक्ष्याच्या चोचीवर एक छोटी नळी असते. नाकपुड्या तिच्यात उघडतात. अल्बट्रॉस, शिअरवॉटर आणि स्टॉर्म पेट्रेल हे सगळे एकाच गणातले, आणि नळीसारखे नाक ही त्या गणाची खूण. समुद्राचे पाणी पिऊन शरीरात आलेले जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी वेगळे काढतात आणि ते खारट थेंबांच्या रूपात नाकावाटे बाहेर पडते. गोड्या पाण्याशिवाय महिनोन्महिने समुद्रावर राहणे त्यामुळेच जमते.

या नाकाचे त्याहून मोठे काम वास घेण्याचे आहे. आपल्याला समुद्र सगळीकडे सारखा दिसतो. या पाखराला तो वासांनी विभागलेला जाणवतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना बारीक कोळंबीसारखे जीव खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू हवेत मिसळतो. किनाऱ्यावर आपल्याला जो 'समुद्राचा वास' येतो, त्यात याचा वाटा असतो. गॅब्रिएल नेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिक समुद्रात या वायूचा वास असलेला तेलकट थर पाण्यावर सोडून पाहिला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विल्सनच्या वादळी पाखरांसह काही समुद्रपक्षी त्या वासाकडे येताना आढळले. जिथे हा वास, तिथे वनस्पती चरणारे जीव. जिथे ते जीव, तिथे जेवण. वाऱ्याला आडवे उडत राहायचे, वास लागला की वाऱ्याला सामोरे वळायचे, असा त्यांचा शोध चालतो.

बोटीवरून पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मासळी साफ करून टाकलेली आतडी, माशांच्या तेलाचे तवंग, ट्रॉलरच्या मागे पाण्यात उरलेला कचरा यांच्याकडे हे पक्षी वाऱ्याच्या खालच्या बाजूने येतात. आधी दूरवर एक ठिपका, मग नागमोडी वाटेने जवळ येत जाणारे दोन-तीन. वारा कुठून वाहतो हे पाहून त्याच्या उलट बाजूच्या पाण्यावर नजर ठेवली, तर ते लवकर सापडतात.

दगडांखालचे घर

एवढा समुद्र ज्याचा, त्याला घरासाठी दगडांमधली एक फट पुरते. केप हॉर्नजवळची बेटे, फॉकलंड, दक्षिण जॉर्जिया, केर्गेलेन, दक्षिण शेटलंड आणि अंटार्क्टिकाचा किनारा इथे तो घरटे करतो. अंटार्क्टिकावर वीण करणाऱ्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांत हा सर्वांत लहान. नोव्हेंबरच्या सुमारास पक्षी बेटांवर पोचतात, डिसेंबर-जानेवारीत मादी एकच पांढरे अंडे घालते आणि दोघे आळीपाळीने ते उबवतात. अंड्याला ४० दिवसांहून अधिक काळ लागतो. पिल्लू त्यानंतर साधारण दोन महिने बिळात वाढते.

दिवसा घरट्याकडे येणे धोक्याचे असते. स्कुआ नावाचे मोठे शिकारी समुद्रपक्षी आणि गल टपून बसलेले असतात. जमिनीवर धड चालता न येणाऱ्या या पाखराला तिथे वाचण्याची संधी कमीच. म्हणून ये-जा रात्री होते. अंधारात हजारो फटींतून आपली फट शोधायची तर नाकच उपयोगी पडते. हे पक्षी आपल्या जोडीदाराचा वास इतरांच्या वासांतून वेगळा ओळखतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

आईबाप दूरवर खाल्लेल्या क्रिलचे (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे) आणि माशांचे पोटात तेल करतात आणि ते पिल्लाला भरवतात. हे तेल वजनाला कमी आणि ऊर्जेला भरपूर. त्यावर पिल्लू इतके लठ्ठ होते की काही काळ ते आईबापांपेक्षा जड भरते. ही चरबी चैनीची नसते. हिमवादळ आले की बिळाचे तोंड बर्फाने बुजते आणि आईबाप बाहेर अडकतात. चरबीच्या साठ्यावर पिल्लू काही दिवस तग धरते. बर्फ त्याहून जास्त काळ टिकला, तर ते बिळातच मरते.

या साऱ्या जीवनक्रमाचा पहिला सखोल अभ्यास ब्रायन रॉबर्ट्स यांनी केला. १९३४ ते १९३७ या काळात ब्रिटिश ग्रॅहम लँड मोहिमेबरोबर ते अंटार्क्टिकात होते आणि १९४० मध्ये त्यांचा या पक्ष्यावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. बेटांवरच्या निरीक्षणांना त्यांनी जहाजांवरून झालेल्या नोंदींची जोड दिली आणि पक्षी कोणत्या महिन्यात कुठे असतो ते दाखवले. समुद्रावर लिहिलेल्या साध्या नोंदी एकत्र आल्या की काय होते, त्याचा हा उत्तम दाखला आहे.

आपल्या पावसाचा पाहुणा

मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडे थंडी वाढू लागते आणि पाखरे बेटे सोडतात. काही अटलांटिक ओलांडून अमेरिका आणि युरोपच्या समुद्रांपर्यंत जातात, काही हिंदी महासागरातून अरबी समुद्रात येतात. आपल्या बाजूच्या पाण्यावर ती साधारण एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत दिसतात.

हा काळ नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, आणि त्यांचे इथे येणे त्याच वाऱ्यांशी जोडलेले आहे. जून ते सप्टेंबरमध्ये वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोराने वाहतात, पृष्ठभागावरचे पाणी बाजूला सारतात आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतही असे घडते. त्या पोषणावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासे. जो पाऊस आपली शेते पिकवतो, त्याचेच वारे समुद्रही पिकवतात. दक्षिण गोलार्धातला हिवाळा चुकवून आलेल्या पाखराला इथे दुसरा सुगीचा हंगाम मिळतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून ती सहसा का दिसत नाहीत, याचे एक कारण समुद्राच्या तळाशी आहे. शाळेच्या भूगोलात आपण समुद्रबूड जमीन शिकतो. मुंबईसमोर हा उथळ पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. गोव्यासमोर तो शंभर-सव्वाशे किलोमीटरवर येतो आणि केरळसमोर साठेक किलोमीटरवर संपतो. पुढे खंडान्त उतार आणि खोल पाणी. समुद्रपक्ष्यांना ही खोल पाण्याची कड आवडते. म्हणून केरळ-कर्नाटकातून एका दिवसात बोटीने जे पाहता येते, त्यासाठी मुंबईहून फार दूर जावे लागते. अर्थात विल्सनचे पाखरू उथळ पट्ट्यावरही येते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटी पुन्हा समुद्रावर जाऊ लागतात, तेव्हा लांब जाणाऱ्या खलाशांना ते दिसण्याची चांगली संधी असते.

चुकवणारे सोबती

अरबी समुद्रावर याच्याशी गल्लत होईल असा पहिला पक्षी म्हणजे स्विनहोचे वादळी पाखरू. कलकत्त्यात १८३६ मध्ये जन्मलेल्या आणि चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीत काम केलेल्या रॉबर्ट स्विनहो यांनी १८६७ मध्ये त्याचे वर्णन केले. ते आपल्याकडे अगदी उलट दिशेने येते. जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील बेटांवर त्याची वीण होते. आकाराने ते विल्सनच्या पाखरापेक्षा थोडे मोठे. शेपटीच्या बुडाशी पांढरे अजिबात नसते, शेपटी दुभंगलेली असते, पंख लांब, टोकदार आणि मनगटाशी मोडलेले असतात. ते उत्तरेकडच्या कुळातले, म्हणून पाय आखूड आणि पाण्यावरचे ते नाचणे क्वचितच. उडणे जोरकस, उसळ्या घेत जाणारे.

इथे एक सावधगिरी हवी. विल्सनचे पाखरू समोरून येत असेल किंवा सावलीत असेल, तर त्याचेही पांढरे दिसत नाही. पांढरे 'नाही' असे म्हणण्यासाठी पाठ आणि शेपटीचे बूड स्पष्ट पाहिलेले असायला हवे. न दिसणे आणि नसणे यांत फरक आहे.

काळ्या पोटाचे वादळी पाखरू विल्सनसारखेच दक्षिणेचे. वरून दोघे सारखे दिसतात, पण याचे पोट पांढरे असून मधून काळी रेघ जाते आणि पंखांखालीही पांढरे असते. ते या बाजूला, त्या बाजूला झोकांड्या देत उडते, म्हणून क्षणात पोट दिसते, क्षणात पाठ. पांढऱ्या चेहऱ्याचे वादळी पाखरू करड्या रंगाचे, चेहरा पांढरा आणि डोळ्यांवर काळा पट्टा. लांब पाय जुळवून ते पाण्यावरून उड्या मारत गेल्यासारखे दिसते. हे दोन्ही पक्षी आपल्या समुद्रांत कमी वेळा नोंदले गेले आहेत. त्यांची शंका आली तर छायाचित्र मिळवण्याचा प्रयत्न जरूर करावा.

याशिवाय सोकोत्रा बेटावर वीण करणारा जुआनँचा पेट्रेल दूर अंतरावरून फसवतो. तो चांगला तीस सेंटीमीटरचा, पण रिकाम्या समुद्रावर आकार मोजायला शेजारी काहीच नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र ओलांडणाऱ्या पाकोळ्याही पाण्यालगत उडतात. त्या पुढे जात राहतात, पाण्यावर पाय टेकवत नाहीत.

साम्याचा हा चकवा किती दूर नेऊ शकतो, हे न्यूझीलंडमध्ये दिसले. पोटावर गडद रेघा असलेले तिथले एक वादळी पाखरू एकोणिसाव्या शतकातल्या मोजक्या नमुन्यांवरूनच ठाऊक होते आणि नामशेष झाले असे मानले जात होते. २००३ मध्ये समुद्रावर टिपलेल्या छायाचित्रांत ते पुन्हा सापडले आणि २०१३ मध्ये ऑकलंडजवळच्या लिटल बॅरियर बेटावर त्याची वीण असल्याचे सिद्ध झाले. ते बेट न्यूझीलंडच्या सर्वांत मोठ्या शहरापासून फार लांब नाही. पोटावरच्या रेघांकडे कुणीतरी नीट पाहिले, म्हणून एक जात मृतांच्या यादीतून परत आली.

बोटीवरून पाहताना

दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी असली की पुरे. त्याहून जास्त क्षमतेची दुर्बीण हलत्या बोटीवर स्थिर राहत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी चाळावे, हालचाल दिसली की मगच दुर्बीण लावावी. पाहण्याचा क्रम असा ठेवावा: आधी उडण्याची ढब, मग पंखाचा आकार, मग शेपटी आणि तिच्या बुडाचा रंग, मग पोट, आणि संधी मिळाली तर पाय. उन्हाच्या विरुद्ध बाजूला तपकिरी रंग काळा दिसतो आणि थेट उन्हात फिकट, म्हणून रंग लिहिताना प्रकाशही लिहावा.

छायाचित्रे एकापाठोपाठ अनेक काढावीत. एका छायाचित्रात शेपटी दुभंगल्यासारखी दिसते, पुढच्याच छायाचित्रात सरळ. एका कोनात पांढरे झाकलेले असते, दुसऱ्यात उघडे. एकाच चित्रावरून निकाल देऊ नये. आणि पुस्तक उघडण्यापूर्वी जे दिसले ते वहीत लिहून घ्यावे. पुस्तकातले चित्र पाहिल्यावर आठवण त्या चित्रासारखी होत जाते.

पावसाळी वादळानंतर कधी थकलेले समुद्रपक्षी किनाऱ्यावर सापडतात. असा पक्षी परत पाण्यात फेकू नये. तो दमलेला असतो, समुद्र विसरलेला नसतो. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवून, अंधारात आणि शांत जागी, लगेच वनविभागाला किंवा जाणकार प्राणिमित्रांना कळवावे.

मोजण्याची निकड

विल्सनच्या पाखरांची संख्या कोटीच्या घरात आहे. जगात सर्वाधिक संख्येने असलेला पक्षी हाच, असेही एकेकाळी म्हटले जाई. आंतरराष्ट्रीय यादीत तो आजही धोक्याबाहेरच्या गटात आहे. पण दक्षिण शेटलंडमधील किंग जॉर्ज बेटावरच्या दोन वसाहतींचा १९७८ ते २०२० या काळाचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सुमारे ९० टक्के घट आढळली. अभ्यासकांनी तिचा संबंध बदलत्या हवामानाशी, क्रिलच्या उपलब्धतेशी आणि बिळे बुजवणाऱ्या हिमवादळांशी जोडला. दोन वसाहती म्हणजे सगळी जात नव्हे, पण कोटींचा आकडा ऐकून निश्चिंत राहणेही चूक ठरेल.

समुद्रातले प्लॅस्टिकही याच्या नाकाला फसवते. पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकवर सूक्ष्म वनस्पतींचा थर बसतो आणि त्याला डायमिथाइल सल्फाइडचा वास येऊ लागतो, असे २०१६ मधील एका अभ्यासाने दाखवले. या वासाचा माग काढणाऱ्या समुद्रपक्ष्यांत प्लॅस्टिक गिळण्याचे प्रमाणही जास्त आढळले. हजारो पिढ्यांत घडलेली जी हुशारी त्याला जेवणापर्यंत नेते, तीच आता त्याच्या पोटात कचरा पोचवते.

अशा वेळी अरबी समुद्रावरून आलेल्या नोंदींना मोठी किंमत आहे. घरट्यांची मोजणी अंटार्क्टिकात होते, पण पाखरांचे निम्मे वर्ष इतर समुद्रांवर जाते आणि त्या पाण्यावर संशोधकांपेक्षा आपले खलाशी आणि तांडेल जास्त वावरतात. तारीख, वेळ, बोटीची जागा, समुद्राची खोली, वाऱ्याची दिशा, पक्ष्यांची संख्या आणि ते काय करत होते, एवढे लिहिले तरी नोंद उपयोगी ठरते. छायाचित्र असले तर उत्तमच. जात नक्की कळली नाही, तर 'वादळी पाखरू, जात अनिश्चित' असे लिहावे आणि दिसलेल्या खुणा पुढे नोंदवाव्यात. अंदाजाने लिहिलेले विल्सनचे नाव पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या वाटेने नेते, तर प्रामाणिकपणे अनिश्चित ठेवलेली नोंद दहा वर्षांनीही पुन्हा तपासता येते. रॉबर्ट्स यांनी अटलांटिकवरच्या नोंदी जुळवून जे चित्र उभे केले, तसे अरबी समुद्राचे चित्र कोकण आणि गोव्याच्या बोटींवरून नियमित लिहिलेल्या वह्यांतून उभे राहू शकते.